एकच काय ते ठरवायचं, पण आत्ताच का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी ही मुलगी वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला. वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर आहेत, आई घरी विड्या वळते. कॉलेज सुटल्यावर ती एका फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉवर काम करते. गेल्या दोनेक वर्षांत तिला तीन गोष्टींची ओढ लागली आहे. दुकानामुळे ग्राफिक डिझाइनची. फोनवर काढलेली चित्रं हलवता येतात हे कळल्यापासून ॲनिमेशनची. आणि वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकामुळे, रंग आणि आकार डोळ्याला असेच का दिसतात, चित्र बघणाऱ्याला काय सांगतं, या 'थिअरी'ची. वह्या भरल्या आहेत, पण धड एक काही येत नाही असं तिचं म्हणणं. पुण्यातले मामा म्हणतात, ॲनिमेशनचा दीड वर्षाचा कोर्स कर, फी अडीच लाख, नोकरीची हमी. वडील पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार झालेत. दुकानाचे मालक म्हणतात, परीक्षा झाली की पूर्ण वेळ ये, महिना बारा हजार देतो. मैत्रिणी म्हणतात, एक काय ते ठरव. ती लिहिते: "थिअरीचा काही उपयोग नसतो म्हणतात. डिझाइनला बारावीनंतरच जायला हवं होतं, ती वेळ गेली. सोलापुरात राहून यातलं काही शिकता येत नाही. मी भरकटतेय का? यातलं काय सोडू?"

प्रिय मैत्रिणी,

काय सोडू, असं तू विचारलं आहेस. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. या वर्षी तिन्हीपैकी काहीही सोडू नकोस. आणि वडिलांना पतसंस्थेच्या अर्जावर सही मात्र करू देऊ नकोस, निदान इतक्यात तरी. आता दोन्हीची कारणं सांगते.

तीन दिशांना ओढली जातेयस असं तुला वाटतंय, ते साहजिक आहे. कोर्सच्या जाहिरातींत या गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात, प्रत्येकीची फी वेगळी, पुढच्या नोकऱ्यांची नावं वेगळी. थिअरी तर बहुतेक पत्रकांत नसतेच. पण या गोष्टी मुळात कुठून आल्या ते पाहिलं की हे कप्पे टिकत नाहीत.

१९१२ साली माक्स वर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जर्मनीत, फ्रँकफुर्टमध्ये केलेला एक अभ्यास छापून आला. प्रयोग दिसायला अगदी साधा. दोन रेघा थोड्या अंतरावर, आळीपाळीने दाखवायच्या. मधला वेळ फारच कमी ठेवला तर दोन्ही एकदम दिसतात. जास्त ठेवला तर एक गेली, मग दुसरी आली, असं दिसतं. पण मध्ये साधारण ६० मिलिसेकंद ठेवले की एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. प्रत्यक्षात सरकत काहीच नसतं. तू फोनवर एकामागून एक चित्रं ठेवतेस आणि चेंडू उडतो, तो याच कारणाने. आता पुढचं ऐक. याच अभ्यासापासून गेस्टाल्ट मानसशास्त्र सुरू झालं असं मानतात. जवळजवळचे ठिपके आपल्याला गट म्हणून दिसतात, सारखे दिसणारे आकार आपण एकत्र धरतो, अर्धवट आकार मनातल्या मनात पुरा करतो, या गोष्टी वर्थायमरनेच १९२३ मध्ये नीट मांडल्या. ग्राफिक डिझाइनच्या वर्गात मांडणी शिकवताना सुरुवातीलाच हे नियम येतात. म्हणजे ॲनिमेशन का चालतं आणि पोस्टरवरचा मजकूर कसा मांडायचा, या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकाच टेबलावर सापडतं. आणि त्या टेबलावर जे चाललं होतं, त्यालाच तू थिअरी म्हणतेस.

दुसरी हकिकत तुझ्या घराच्या आणखी जवळची आहे. मिशेल युजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर लावायचे, चित्रं विणलेले मोठे पडदे तयार व्हायचे. तक्रार अशी होती की काळा रंग मळकट दिसतो, त्यात जोर नाही. शेव्रलने ती काळी लोकर दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा तसा दिसत होता. शेजारचा रंग बदलला की मधला रंगही बदलल्यासारखा वाटतो, ही गोष्ट त्याने वर्षानुवर्षं तपासली आणि १८३९ मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. पुढे चित्रकारांनी ते उचललं. पण सुरुवात झाली ती कारखान्यात, विणकामातल्या एका तक्रारीवरून.

थिअरीचा उपयोग नसतो असं तुला ज्यांनी सांगितलं, त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे थिअरी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायच्या व्याख्या, असंच बहुतेकांच्या वाट्याला आलंय. तू मात्र ती दुकानातच वापरून बघ. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं हवीत असा हट्ट धरणारं गिऱ्हाईक तुला रोज भेटत असेल. अक्षरांच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात, लांबून वाचता येत नाही, पण "मला चांगलं दिसत नाही" एवढं म्हणून कोणी ऐकत नाही. त्याच फाइलची करडी, ग्रेस्केल प्रत काढ आणि स्क्रीनवर शेजारी ठेव. बऱ्याच छटांत लाल आणि निळा दोन्ही जवळजवळ सारखेच करडे झाले असतील, आणि अक्षरं पार्श्वभूमीत विरघळली असतील. गिऱ्हाइकाला एक शब्द सांगावा लागणार नाही. रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखा असेल तर अक्षर उठत नाही. ही थिअरीच आहे, आणि तिच्यामुळे तुझा छपाईचा माल परत येण्यापासून वाचतो.

आता वडिलांच्या मागाकडे ये. जॅकार्डचा शोध १८०४ चा, फ्रान्समधला. भोकं पाडलेली कार्डं एकामागून एक पुढे सरकतात. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. जिथे भोक तिथला हूक वर उचलला जातो, त्याच्याबरोबर उभे धागे उचलले जातात. जिथे भोक नाही तिथले खाली राहतात. एवढ्या हो-नाहीतून चादरीवर मोर उभा राहतो. ही कार्डं पाडण्याआधी कोणीतरी ती नक्षी चौकटीच्या कागदावर काढलेली असते. आता बऱ्याच ठिकाणी हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण चौकट तीच. वडिलांना सांग, कारखान्यातला एखादा जुना ग्राफ आठवडाभर मागून आण. मोराच्या मानेचं वळण बघ. जवळून ते वळण नाहीच, पायऱ्या आहेत. तीन घरं सरळ, एक वर, दोन सरळ, एक वर, मग एक-एक. या पायऱ्या कुठे लांब ठेवायच्या आणि कुठे आखूड, हे ज्याने ठरवलं त्याला माहीत होतं की हातभर लांबून डोळा ती रेघ गुळगुळीत करून घेणार आहे. तू कॉम्प्युटरवर लहान आयकॉन काढशील तेव्हा पिक्सेलशी तुझं हेच भांडण होणार आहे. मग घरातल्या चादरीचा कोपरा उलटून बघ. बऱ्याच चादरींत पुढच्या बाजूला जे फूल, तेच मागे उलट्या रंगांत दिसतं. आकृती कुठली आणि पार्श्वभूमी कुठली, हे पुस्तकात तू काळ्या-पांढऱ्या आकृत्यांत वाचलं असशील. ते तू लहानपणापासून पांघरून झोपतेस.

हे सोलापूरचं कौतुक म्हणून सांगत नाही. इथे डिझाइनच्या मोठ्या संस्था नाहीत, स्टुडिओ कमी आहेत, ज्यांच्याशी रोज बोलावं अशी माणसं शोधावी लागतात. ही अडचण खरी आहे आणि पुढे कधीतरी तुला त्यासाठी बाहेर पडावं लागेल. पण 'इथे काही शिकता येत नाही' हे मला मान्य नाही. तुला आज जे शिकायचं आहे ते म्हणजे बघणं आणि ते हाताने उतरवणं, आणि त्यासाठी तुझ्या शहरात भरपूर सामान आहे.

ॲनिमेशनचंच घे. त्यात दोन गोष्टी पहिल्यांदा हातात बसाव्या लागतात: हालचालीला किती वेळ द्यायचा, आणि त्या वेळात चित्रं कुठे दाट, कुठे विरळ ठेवायची. एक दिवस वडिलांबरोबर कारखान्यात जा आणि धोट्याच्या मागावर फक्त धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणारा लाकडी तुकडा, बघ. तो मार खाऊन सुटतो, एका दमात पलीकडे जातो आणि पेटीत आपटून थांबतो. टोकाला येताना तो रेंगाळत नाही. आता एखाद्या मुलीला झोक्यावर बघ. टोकाला झोका जवळजवळ थांबतो, मध्ये सुसाट जातो. दोन्ही हालचाली डावीकडून उजवीकडेच, पण धोट्याची चित्रं सारख्या अंतरावर पडतील आणि झोक्याची टोकांना गर्दी करतील. हा फरक एकदा हाताने काढून पाहिलास की चेंडू, मान, पापणी, काहीही हलवताना तो उपयोगी पडेल. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, पण हाताने काढणारे पुष्कळदा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तुझ्या फोनवर तेवढी पुरेत.

आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा आहेच. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, त्या उंच काठ्या, तू जन्मापासून बघतेस. यंदा गर्दीतून एका बाजूला उभी राहा आणि एकाच काठीवर डोळा ठेव. बाराबंदीतला माणूस कमरेच्या पट्ट्यात काठी पेलून चालतो. त्याचं पाऊल आधी पडतं, कंबर मग सरकते, आणि एवढ्या उंच काठीचं टोक त्याच्याही मागून, उशिरा येतं. तो थांबला तरी टोक लगेच थांबत नाही, पुढे झुकून परत येतं. टोकाचा हा उशीर काढता आला तर काठी जड दिसते. तो विसरलीस तर ती थर्माकोलची वाटते. ॲनिमेशनची पुस्तकं याला मोठी नावं देतात. नावं नंतर शीक, आधी दहा-बारा चित्रांत ते टोक पकड.

आता तुला न आवडणारी एक गोष्ट. तू भरकटत नाहीयेस, पण तू काही पुरं करत नाहीयेस, आणि घरच्यांना तेच दिसतंय. वह्या भरल्या, हे छान आहे. पण वहीत सुरू झालेली गोष्ट वहीतच राहिली तर ती तुलाही काही शिकवत नाही, कारण काम अडतं ते शेवटाकडे येताना. दादासाहेब फाळक्यांची वाट बघ: जे.जे.मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नकाशे-चित्रं काढण्याची नोकरी, लिथोग्राफीचा छापखाना, जादूचे प्रयोग, आणि मग १९१३ मध्ये चित्रपट. त्यानंतर त्यांनी आगकाड्या एकेक फ्रेम हलवून एक चित्रपटही केला. त्यांनी इतकं धुंडाळलं म्हणून तूही धुंडाळ, असं मी म्हणणार नाही. धुंडाळणारे पुष्कळ असतात. मला त्यात हे दिसतं की प्रत्येक टप्प्यावर ते बाजारात जाईल असं काम करून देत होते. छापखाना चालवायचा म्हणजे छापील कागद वेळेवर बाहेर पडलाच पाहिजे.

म्हणून एक विषय घे, आणि तिन्ही आवडी त्याच्यावरच लाव. नंदीध्वज घे, किंवा आईच्या सुपातली विडी घे: पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं. त्यावर चार सेकंदांचं ॲनिमेशन कर, म्हणजे ४८ चित्रं. त्याच विषयाचं एक पोस्टर कर, एकाच चित्राचं, कमीत कमी शब्दांचं. आणि एक पानभर मजकूर लिही: बघणाऱ्याचा डोळा आधी कुठे जावा असं मला वाटत होतं, तो प्रत्यक्षात कुठे गेला, आणि का. हे शेवटचं कळायला पोस्टर चार लोकांना दाखवावं लागेल. "कसं आहे?" असं विचारू नकोस, सगळे छान म्हणतील. "पहिल्यांदा काय दिसलं?" असं विचार. दोन महिने लागू देत. पुरं झालं की दुसरा विषय. वर्षभरात अशी चार-पाच कामं झाली, तर कुठल्याही मुलाखतीत वा प्रवेशात दाखवायला तुझ्याकडे पोर्टफोलिओ असेल. आणि तिन्हीपैकी कुठल्या कामाला बसल्यावर तुला जेवणाची आठवण राहत नाही, हेही तुला कळलेलं असेल. मैत्रिणी म्हणतात ते 'एक' तेव्हा ठरव, कामाकडे बघून.

यासाठी पैसे लागत नाहीत. क्रिटा, इंकस्केप, ब्लेंडर ही चित्रं काढायची, हलवायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि गंभीर कामाला पुरतात. घरी कॉम्प्युटर नसेल तर फोन आणि कागद. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाने चालवलेलं डी-सोर्स हे संकेतस्थळ मोफत आहे. अक्षररचना, ॲनिमेशन, भारतीय हस्तकला यांवर तिथे भरपूर आहे. मराठी अक्षरांसाठी एक टाइप या मुंबईच्या गटाचे मुक्ता आणि बलू हे टंक, म्हणजे फॉन्ट, फुकट वापरता येतात. ते उघडून जाड-बारीक वजनं शेजारी लाव आणि 'ल' कडे बघत बस: मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि हिंदी वळणाचा दांडीचा ल एकाच फलकावर मिसळलेले तुला शहरभर दिसतील. सोलापुरात तर मराठीशेजारी कन्नड, तेलुगू, उर्दू पाट्याही आहेत. त्यांचे फोटो काढून ठेव. दोन लिप्या एका पाटीवर सारख्या वजनाने कशा बसवायच्या हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि तो तुझ्या रस्त्यावर रोज सुटतोय किंवा फसतोय.

कर्जाचं. दीड वर्ष, अडीच लाख फी. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात कोणी धरला आहे का? धर, आणि मग तो आकडा वडिलांच्या पगारासमोर ठेव. खाजगी कोर्स वाईटच असतात असं नाही. काही ठिकाणी चांगले शिक्षक असतात, मुलं शिकून कामाला लागतात. पण 'नोकरीची हमी' हा शब्द कागदावर कसा लिहिलाय ते वाच. बहुधा तिथे 'नोकरीसाठी मदत' एवढंच असतं. आणि कुठली नोकरी, ते विचार. ॲनिमेशन-व्हीएफएक्सच्या बाजारात नवख्यांना पुष्कळदा आधी रोटोचं काम मिळतं, म्हणजे चित्रीकरणातल्या माणसाची कडा फ्रेममागून फ्रेम आखून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळं करायचं. काम प्रामाणिक आहे, त्यातून पुढेही जाता येतं, पण तुझ्या मनातलं ॲनिमेशन ते नव्हे. हे माहीत असून जायचं असेल तर जरूर जा. माहीत नसताना कर्ज काढून जाऊ नकोस.

'वेळ गेली' हे अर्धंच खरं आहे. यूसीड ही बी.डेस.ची, म्हणजे डिझाइनच्या पदवीच्या प्रवेशाची परीक्षा बारावीच्या वर्षी किंवा लगेच पुढच्या वर्षीच देता येते, ती तुझी गेली. अकरावी-बारावीत असलेल्या ज्यांना हे वाचून हुरूप आला असेल, त्यांनी मात्र ती आणि राज्याची उपयोजित कलेची सीईटी, दोन्हींच्या तारखा आत्ताच बघाव्यात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळाली आणि मग चित्रकलेची वही माळ्यावर गेली, अशी मुलं सोलापूर जिल्ह्यात कमी नाहीत. तुझ्यासाठी सीड आहे, एम.डेस.च्या, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेशाची परीक्षा. ती आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत होते, वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते, आणि बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदवीवर, अगदी शेवटच्या वर्षात असतानाही बसता येतं. त्यात एक भाग हाताने चित्रं काढून विचार मांडण्याचा असतो. इथे एक खाच आहे, ती लक्षात ठेव. परीक्षेला बसण्याची पात्रता आणि प्रवेशाची पात्रता वेगळी असते. काही संस्था चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मागतात. म्हणून परीक्षेचा अर्ज भरण्याआधी तुला हव्या असलेल्या प्रत्येक संस्थेचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाच, आणि तुझ्या कॉलेजात ऑनर्सच्या चौथ्या वर्षाची सोय आहे का ते प्राचार्यांच्या कार्यालयात विचार. आयडीसीत कम्युनिकेशन डिझाइन आणि ॲनिमेशन या दोन्ही शाखा आहेत, तुझ्या वह्यांना दोन्हीकडे जागा आहे. बी.कॉम. वाया गेलं असंही समजू नकोस. स्वतःचं काम करणाऱ्या किती डिझायनरांना बिल कसं करावं, जीएसटी कसा लावावा, उधारी कशी वसूल करावी हे येत नाही!

मालकांच्या बारा हजारांबद्दल मी जास्त सावध आहे, कारण तो पर्याय सगळ्यात सोपा आहे. पूर्ण वेळ वाढदिवसांचे आणि निवडीच्या अभिनंदनाचे फ्लेक्स करत बसलीस तर हात सफाईचा होईल आणि दोन वर्षांनी तू आहेस तिथेच असशील. शिवाय फोटो कापून ठरलेल्या चौकटीत बसवण्याचं हे काम यंत्रांकडे सगळ्यात आधी जाणार आहे. पण दुकान सोडूही नकोस. अर्धा वेळ माग, आणि त्याबरोबर वेगळं काम माग. लग्नपत्रिका माग, टॉवेलच्या बॉक्सचं लेबल माग. शेंगा चटणी करणारा एखादा गृहउद्योग दुकानात येतच असेल, त्यांची पिशवी तू कर. तळहाताएवढ्या लेबलवर नाव, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, घटक, अन्न परवान्याचा क्रमांक, पत्ता, एवढं सगळं बसवायचं असतं, आणि तरी दुकानातल्या फळीवर हातभर लांबून 'शेंगा चटणी' आधी वाचता आलं पाहिजे. काय मोठं, काय बारीक, काय जवळ आणि काय दूर, हे एकदा तिथे जमलं की शंभर फ्लेक्स करून जे आलं नसतं ते येतं. मालक नाही म्हणाले तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या नक्षी करणाऱ्यांकडे वडिलांच्या ओळखीने चौकशी कर. तिथे तुझ्या कोरलला आणि तुझ्या थिअरीला एकत्र काम मिळू शकतं.

घरी बोलताना 'मला हे आवडत नाही' एवढ्यावर थांबू नकोस. तुझे वडील कर्ज काढायला निघालेत ते तुझ्यावर विश्वास आहे म्हणूनच, आणि त्या माणसाला नुसता नकार दिला तर लागेल. त्यांना एक वर्ष माग. पदवी पूर्ण, दुकानातून किंवा दुसरीकडून अर्धा वेळ कमाई, चार पुरी झालेली कामं, आणि माहितीपत्रकं वाचून सीडला बसायचं की नाही याचा निर्णय: हे त्यांच्यासमोर कागदावर लिहून ठेव, तारखांसकट. वर्षाच्या शेवटी हातात काही नसेल तर मामांचा कोर्स तेव्हाही असेलच.

मामांनाही तोडून बोलू नकोस. पुण्याला जा, त्यांना बरोबर घेऊन त्या संस्थेत जा. मागच्या तुकडीतल्या, तुझ्यासारखंच शून्यातून सुरू केलेल्या मुलांचं काम दाखवा म्हणावं, भिंतीवर लावलेलं नको. हाताने चित्रं काढण्याचे तास आठवड्याला किती, शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठे काम केलंय, मध्येच सोडलं तर फी किती परत मिळते, हे मामांसमोरच विचार आणि उत्तरं वहीत लिहून घे. एखाद्या चालू वर्गात मागे तासभर बसू द्या म्हण. आणि निघताना कोणी म्हणालं की आजच फॉर्म भरलात तर फीत सवलत आहे, तर त्या दिवशी फॉर्म भरू नकोस.